माथेरानच्या लाल वाटेवर

निवृत्तीनंतर ज्या काही गोष्टी माणसाला नव्याने लाभतात, त्यांत सावकाश चालण्याची मुभा मला सर्वांत मोलाची वाटते. बँकेच्या नोकरीत मी माथेरानच्या पायथ्याशी जवळजवळ तीन वर्षे काढली, कामानिमित्त अनेकदा वर गेलो. परंतु माथेरान पाहिले असे मला म्हणता येणार नाही. हातात वसुलीची यादी असली की डोळ्यांना डोंगर दिसत नाही. २०२५ च्या जानेवारीत सौ., मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात यांच्यासह तीन दिवसांसाठी तेथे गेलो, तेव्हा राहून गेलेली भेट पूर्ण व्हावी एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या भेटीने मला एका घोड्याच्या टाचेपाशी नेऊन उभे केले, आणि माझ्याच एका जुन्या शेऱ्यापाशीही.

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. त्यापुढे खासगी मोटारींना मज्जाव आहे. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि येथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. २००३ मध्ये केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरील या गावात आजही दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर अंतर पायी, छोट्या गाडीने, घोड्यावरून किंवा रिक्षातून काटावे लागते. रिक्षा म्हणजे पूर्वी माणसाने ओढलेली. अलीकडे विजेवर चालणारीही आली आहे. गावात लागणारे किराणा सामान, भाजीपाला, विटा, सिमेंट यांतील बरेचसे घोड्यांच्या पाठीवरून किंवा हातगाड्यांवरून येते. वाट जांभ्याच्या लाल मातीची. दोन्ही अंगांना जांभूळ, हिरडा, अंजन यांची दाट सावली. तासभर चालले की पादत्राणे, पायमोजे आणि पायजम्याच्या कडा एकाच रंगाच्या होतात.

दस्तुरी नाक्यावर खोगीर चढवलेल्या घोड्यांची रांग उभी होती. नातीचे लक्ष मात्र रांगेपासून दूर, झाडाखाली उभ्या असलेल्या एका तांबड्या घोड्याकडे गेले. त्याच्या पाठीवर खोगीर नव्हते. पाय धरून ठेवावा तसा तो पुढचा उजवा पाय किंचित पुढे टेकवून उभा होता.

"आजोबा, याच्या पायात लोखंड का नाही? बाकी सगळ्यांना आहे."

आम्हां मोठ्यांपैकी कोणाच्याही हे ध्यानात आले नव्हते. जवळच उभा असलेला पस्तिशीतला अश्वपाल हसून म्हणाला, "सुट्टीवर आहे तो, बाळा. पगारी सुट्टी. काम बंद, खुराक चालू. तुफान नाव त्याचं."

"किती दिवस झाले सुट्टीला?" मी विचारले.

"ऑक्टोबरात नाल काढली. वर्ष जाईल बहुतेक."

कमावता घोडा वर्षभर उभा! माझ्यातला बँकेचा माणूस अजून पुरता निवृत्त झालेला नसावा, कारण माझ्या तोंडून पुढचा प्रश्न आपोआप निघाला, "आणि हप्ता?"

"हप्ता आहे ना साहेब, पतपेढीचा. दुसरा घोडा दोघांचं भरतोय. मी रात्री लॉजवर सामान उचलतो." थोडे थांबून तो म्हणाला, "विकला असता तर कुणीतरी दोन वर्षं तसाच हाणला असता त्याला. उद्या सकाळी नालबंद येणार आहेत खालून. बघायचं असेल तर या तबेल्यावर."

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. १९९२ साली मी पायथ्याच्या शाखेत कृषी व ग्रामीण कर्जाचे काम पाहत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना अनुदानासह कर्ज मिळत असे. कोणी म्हैस घेई, कोणी शिलाई यंत्र. माथेरानचा माणूस घोडा घेई. अशा एका कर्जदाराच्या पांढऱ्या घोड्याची तपासणी मी स्वतः केली होती. उंची मोजली, रंग लिहिला, ओळखीच्या खुणा नोंदवल्या, दातांवरून वय विचारले. खूर पाहिले नाहीत. अर्जात खुरांसाठी रकाना नव्हता.

दीडएक वर्षाने तो कर्जदार शाखेत आला. तीन हप्ते थकले होते. घोडा लंगडतो आहे, सहा महिन्यांची मुदत वाढवून द्या, असे त्याचे म्हणणे होते. मुदतवाढीची शिफारस करणे माझ्या अधिकारात होते. मी प्रस्तावावर शेरा लिहिला, 'मालमत्ता उत्पन्नक्षम राहिलेली नाही. विक्री करून वसुली करणे इष्ट.' घोडा पडेल किमतीला विकला गेला, उरलेली रक्कम त्याने कशीबशी भरली आणि खाते बंद झाले. त्या वर्षी माझ्या वसुलीचे वरिष्ठांनी कौतुक केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन मी तबेल्यावर गेलो. नालबंद सत्तरीचे, बारीक अंगाचे. कमरेला चामड्याचे जाड आवरण बांधून त्यांनी तुफानचा पुढचा पाय आपल्या गुडघ्यांत धरला आणि खरवडणीने तळवा स्वच्छ करू लागले. घोड्याच्या खुराचा तळवा इतक्या जवळून मी प्रथमच पाहत होतो. कडेने नखासारखी कठीण भिंत, आत किंचित खोलगट तळ, आणि मागून पुढे निमुळती होत गेलेली, रबरासारखी त्रिकोणी गादी. या गादीला इंग्रजीत फ्रॉग, म्हणजे बेडूक, म्हणतात, हे मला नंतर कळले. भिंत जेथे मागे वळते ती दोन टोके म्हणजे घोड्याच्या टाचा.

"साहेब, लोक म्हणतात टाच बसली," नालबंद म्हणाले. "टाच बसत नाही. पुढं पळते. हे बघा."

त्यांनी बोटाने दाखवले तेव्हा समजले. टाचेची भिंत जेथून सुरू होते तेथून ती खाली उतरायला हवी, आणि गादीचा सर्वांत रुंद भाग जेथे आहे त्याच्या आसपास जमिनीला टेकायला हवी. तुफानच्या टाचा तशा उतरत नव्हत्या. त्या आडव्या पडून पायाखाली पुढे सरकल्या होत्या, एखाद्या थकलेल्या माणसाची चप्पल टाचेवर दुमडली जावी तशा. खुराच्या पुढच्या भिंतीचा जमिनीशी जो कोन असतो, त्याच्यापेक्षा टाचेचा कोन पाच अंशांहून अधिक कमी झाला की ती टाच 'पळालेली' समजतात. उजव्या पायाच्या टाचा शिवाय आतल्या बाजूला आक्रसल्या होत्या. दोन टाचांमधली घळ अरुंद व खोल झाली होती आणि तिच्यात काळी, उग्र वासाची कुज धरली होती.

हे का होते, ते पुढच्या तासाभरात त्यांच्या बोलण्यातून, आणि नंतर घरी येऊन केलेल्या वाचनातून मला उलगडले. निरोगी घोडा सपाट जमिनीवर चालताना टाच प्रथम किंवा सपाट पाऊल टेकवतो. भार पडताच टाचा किंचित फाकतात, त्रिकोणी गादी आणि तिच्यावरची मऊ उशी दाबली जाते, हादरा तेथेच जिरतो आणि खुरातले रक्त वर लोटले जाते. प्रत्येक पावलागणिक असे घडते. खूर दर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. मोकळ्या रानात ही वाढ दगडधोंड्यांवर झिजून जाते. नाल ठोकलेल्या खुराची भिंत जमिनीला लागतच नाही, त्यामुळे ती झिजत नाही. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून, नाल पुन्हा बसवावी लागते. नाल अजून शाबूत दिसते म्हणून हंगामात हे काम पुढे ढकलले जाते. पण लोखंड झिजले नाही तरी खूर वाढतच असतो. टोक लांबते आणि नालेला सोबत घेऊन पुढे जाते. लांबलेले टोक जमिनीवरून उचलताना पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो, भार टाचांवर जातो, आणि टाचा चिरडून पुढे घसरतात. मग टाच दुखते. दुखऱ्या टाचेचा घोडा टोक आधी टेकवू लागतो, अडखळतो, उतारावर बिचकतो. टाचेचा वापर कमी झाला की गादी सुकते, टाचा आक्रसतात, आणि आक्रसलेली टाच अधिक दुखते.

"मग टाच बुटकी झाली आहे, तर ती वाढू द्यायला हवी ना? तुम्ही तर कापता आहात," मी विचारले.

नालबंदांनी कानस थांबवली. "सगळ्यांना असंच वाटतं. मलाही चाळीस वर्षं असंच वाटायचं. ही टाच बुटकी नाही साहेब, लांब आहे. आडवी लांब. हिला ठेवली तर आणखी पळेल. थोडी थोडी मागं आणायची, टोक पुढून कमी करायचं, आणि वाट बघायची. एकदम कापली तर जनावर उभं राहणार नाही."

त्यांनी ते काम ज्या हलक्या हाताने केले ते पाहण्यासारखे होते. टाचेचा एक पातळ थर, तेवढाच. टोकाची कड कानशीने गोलसर केली, जेणेकरून पाऊल उचलताना अडणार नाही. कुज स्वच्छ करून, कोरडी करून, पशुवैद्यांनी दिलेले औषध लावलेली कापडाची पट्टी घळीत बसवली. हे औषध रोज, आणि कापणी दर तीन-चार आठवड्यांनी. तबेल्यापुढच्या अंगणात गोटीएवढी वाटोळी खडी पसरली होती. तीवर उभे राहिले की गादीला आधार मिळतो आणि पाय कोरडा राहतो. पुढे वाचनात आले की झेनोफन या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यांविषयीच्या आपल्या पुस्तकात नेमका हाच सल्ला दिला आहे. तबेल्यापुढे मूठभर आकाराचे गोल दगड पसरावेत, म्हणजे खूर कणखर होतात, असे तो म्हणतो. रोज सकाळी अश्वपाल तुफानला पाठीवर काहीही न ठेवता, हाताने धरून, मातीच्या सपाट वाटेवर चालवून आणत असे. दगडगोट्यांची वाट असेल तर पायात रबरी बूट चढवून. चालल्याशिवाय खुरात रक्त खेळत नाही.

"तीन महिन्यांत काय फरक पडला?" मी विचारले.

नालबंदांनी नातीला जवळ बोलावले आणि तिचे बोट धरून खुराच्या वरच्या कडेवर, केसांच्या अगदी खाली टेकवले. "इथं हात लाव बरं. वरचं कसं लागतंय?"

"गुळगुळीत. आणि सरळ."

"आणि खाली?"

"खाली वाकडं."

खरोखरच, वरून दोन बोटे रुंदीचा एक नवा पट्टा खाली उतरत होता. तो उभट आणि घट्ट होता. त्याच्याखाली जुना, पसरट, वळ्या पडलेला खूर होता. जेथे दोन्ही मिळत होते तेथे स्पष्ट कोन दिसत होता. नवा खूर वरूनच येतो. खराब झालेला भाग दुरुस्त होत नाही. तो खाली सरकत सरकत जमिनीला पोचतो आणि कापला जातो. टाच बुटकी असल्याने तेथे नवा खूर चार-पाच महिन्यांत जमिनीला लागतो, पुढच्या टोकाला नऊ ते बारा महिने लागतात. आजारपण, ताप, खाण्यातला बदल यांच्या आडव्या वळ्याही खुरावर उमटतात आणि महिन्यामहिन्याने खाली उतरतात. बँकेच्या माणसाला चटकन सुचेल तीच उपमा मला सुचली. घोड्याचा खूर हे त्याचे पासबुक आहे. गेल्या वर्षभराच्या सर्व नोंदी त्यात असतात, वाचणारा हवा.

निघताना मी नालबंदांना सहज विचारावे तसे विचारले, ब्याण्णव-त्र्याण्णव साली येथे एक पांढरा घोडा होता, बँकेच्या कर्जावर घेतलेला, आठवतो का?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "कर्जाचा पांढरा? आठवतो की. त्याच्याही टाचा अशाच होत्या. मीच नाल मारायचो त्याला. टाच खाली गेली म्हणून मी टाचेखाली पाचर घालून उंच नाल ठोकली. आठ दिवस बरा चालला. मग त्या उंचीनंच टाच आणखी चेमटली." ते कानस पुसत राहिले. "तेव्हा मला आजच्याएवढं कळत असतं, आणि त्याला सहा महिने मिळाले असते, तर उभा राहिला असता तो घोडा."

"आणि मालक?"

"त्यानं मग हातरिक्षा ओढली. वीसेक वर्षं. तीन वर्षांपूर्वी गेला."

ते सहा महिने कोणी नाकारले, हे मी त्यांना सांगितले नाही. नात शेजारी उभी होती, हे त्याचे कारण नव्हते. त्या वृद्ध माणसाने आपली चूक अगदी सहज, कामाची गोष्ट सांगावी तशी सांगितली होती. मला मात्र तेवढे धैर्य झाले नाही.

परतताना अश्वपालाचा फोन क्रमांक घेतला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुफानच्या पुढच्या दोन्ही खुरांची छायाचित्रे, एक बाजूने व एक तळव्याकडून, पाठवावीत अशी विनंती केली. त्याने ती शेवटपर्यंत पाळली. मी ती एका वहीत तारीखवार लावत गेलो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. नवा पट्टा खाली येत होता. मेमध्ये टाचेचा जुना भाग जवळजवळ संपला. जूनमध्ये गादी भरलेली दिसू लागली.

जुलैचा पहिला दिवस आला आणि छायाचित्र आले नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. माथेरानचा पाऊस कोसळत होता, खडीचे अंगण चिखलाने भरले होते, घळीत पुन्हा कुज धरली होती आणि तुफान पुढचा उजवा पाय टेकवेनासा झाला होता. खुराच्या आत पू साचला होता. पशुवैद्यांनी टाचेजवळ वाट करून तो काढला. पाचव्या दिवशी घोडा पाय टेकवू लागला. परंतु अश्वपालाचा आवाज खचलेला होता. पावसाळ्यात पर्यटक नाहीत, दुसऱ्या घोड्यालाही काम नाही, दोन हप्ते थकलेले. खालून एक व्यापारी घोडा विचारायला आला होता. "देऊन टाकतो साहेब. आता नाही झेपत."

मी म्हणालो, "आठ दिवस थांबा. पतपेढीला अर्ज करू."

तो अर्ज मी स्वतः लिहिला. सदतीस वर्षांच्या नोकरीत असे अनेक अर्ज माझ्यासमोर आले होते. असा अर्ज लिहिण्याची वेळ प्रथमच आली होती. कर्जदाराने घोडा कामावरून का काढला, खूर दर महिन्याला किती वाढतो, आतापर्यंत किती वाढला, जमिनीला पोचण्यास किती राहिला, हे सर्व तक्त्यात मांडले. सोबत सात महिन्यांची छायाचित्रे जोडली. 'मालमत्ता तात्पुरती अनुत्पादक असून नोव्हेंबरपासून उत्पन्न सुरू होण्याची वाजवी अपेक्षा आहे. सहा महिन्यांची मुदतवाढ मिळावी.' हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, हे कबूल करतो. पतपेढीने चार महिने मंजूर केले. व्यापारी परत गेला.

ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात बातमी वाचली. माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. निर्णय योग्यच. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि बराच वेळ त्या वीस वर्षांचा विचार करत राहिलो.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा माथेरानला गेलो. पाऊस सरला होता, वाटा धुऊन निघाल्या होत्या. दस्तुरीहून बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर काही भागात मातीच्या विटांसारखे ठोकळे बसवलेले आहेत. ओल्या, गुळगुळीत ठोकळ्यांवर लोखंडी नाल घसरते, अशी अश्वपालांची जुनी तक्रार आहे आणि तो वादही न्यायालयापर्यंत गेलेला आहे. धुळीमुळे होणारा त्रास आणि जमिनीची धूप यांमुळे ठोकळे हवेत असे म्हणणारेही आहेत. घोड्याच्या पायाकडून पाहिले तर मात्र मातीची वाट मायाळू असते. ती पाऊल धरून ठेवते.

तुफान रांगेत उभा होता. चारही पायांवर सारखा भार. पाठीवर खोगीर होते, परंतु अश्वपालाने त्याला फक्त लहान मुलांसाठी, सपाट वाटेवर, दिवसातून दोनच फेऱ्यांसाठी ठेवले होते. मी वाकून खूर पाहिला. वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ. टाचा मागे आल्या होत्या, गादी रुंद झाली होती. उजवी टाच डावीपेक्षा अजून थोडी अरुंद आहे, आणि नालबंदांच्या मते तेवढी ती कायम राहील. नाल अद्याप ठोकलेली नाही. दगडाळ वाटेला रबरी बूट, एरवी अनवाणी. पतपेढीचा पहिला हप्ता त्याच आठवड्यात गेला होता. नालबंद त्या दिवशी वर आले नव्हते. पांढऱ्या घोड्याविषयी जे त्यांना सांगायचे राहिले होते, ते मी अश्वपालाला सांगितले. तो ऐकून घेऊन एवढेच म्हणाला, "म्हणून अर्ज इतका चांगला लिहिला होय तुम्ही."

आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे सुट्टीत माथेरानला जातात, मुलांना घोड्यावर बसवतात. त्यांच्यासाठी, तज्ज्ञ म्हणून नव्हे, केवळ एक अनुभवी म्हणून चार गोष्टी लिहितो. बसण्यापूर्वी घोडा दहा पावले चालवून दाखवायला सांगावे. चालताना मान प्रत्येक पावलाला खाली-वर झटकत असेल, तो वारंवार अडखळत असेल, तर दुसरा घोडा घ्यावा. खुराचे टोक चपलेसारखे पुढे आलेले, भिंतीला तडे गेलेले, नाल सैल किंवा खिळे निसटलेले दिसले, तर मालकाला ते शांतपणे दाखवावे. पुष्कळदा त्यालाही ते ठाऊक असते आणि अडचण वेळेची व पैशांची असते. वजनदार व्यक्तीने लहान चणीच्या घोड्यावर बसण्याचा आग्रह धरू नये. उतारावर कोणीच घोडा पळवायला सांगू नये. मुलांच्या हातून गूळ, बिस्किटे, पाव खाऊ घालू नये, कारण पिष्टमय व गोड खाणे अति झाले की घोड्याच्या खुरांना सूज येते आणि तो कायमचा पंगू होऊ शकतो. आणि भाड्यात घासाघीस करताना हे स्मरावे की त्या पैशांत दर सहा आठवड्यांच्या नालबंदाचीही मजुरी असते. ती वाचवली की पुढचे सारे घोड्याच्या टाचेवर येते.

त्या दिवशी नात तुफानच्या पाठीवर बसली. अश्वपाल लगाम धरून पुढे, मी मागून चालत होतो. जानेवारीत याच घोड्याच्या पावलांचे ठसे मी पाहिले होते. टोकाकडे खोल, टाचेकडे पुसट. आता लाल मातीत उमटत जाणारा प्रत्येक ठसा पूर्ण होता. मागे दोन टाचा, मध्ये त्रिकोणी गादी. नातीने वळून विचारले, "आजोबा, मागे का राहिलात?"

"येतो," म्हणालो, आणि ठसे चुकवत वाटेच्या कडेने चालू लागलो.